मिटलेल्या डोळ्यांची तक्रार

९ जानेवारी

छोट्या,

वर आशीर्वाद लिहिणार होते. पण ताईने यात काय दडवलंय म्हणून तू तो उलटूनपालटून बघशील, तेव्हा राहू दे. मी ठणठणीत आहे. तुझा पत्ता माझ्या लेकीने दिला. तिच्याकडे तो कसा आला हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मामाचा फोन आला की ती बाल्कनीत जाते आणि दार ओढून घेते, एवढं मला दिसतं. तिथून माझ्या काय काय बातम्या पोचतात, तेही एकदा कळलं तर बरं होईल.

ही बातमीही पोचलेलीच असणार, तरी माझ्या तोंडून ऐक. बाहेरच्या देशात शिकलेल्या सर्जनना रेसिडेन्सी, म्हणजे इस्पितळातली उमेदवारीची वर्षं, पुन्हा न करता तज्ज्ञ म्हणून मान्यता मिळवायची जी नवी वाट निघाली आहे, तिच्यासाठी मी अर्ज केला होता. तो मंजूर झाला. हो, तीच वाट, जिच्या विरोधातल्या पत्रकावर तुझी सही आहे. सही मी पाहिली. शेवटच्या अक्षराचं शेपूट खाली ओढलेलं. बाबा तशी सही करायचे, ती तू उचललीस. उचलायला तुला तेवढीच गोष्ट सापडली.

कालपासून मी कामाला लागले. काम असं, की जूनपर्यंत इथल्या मोठ्या इस्पितळात एका ज्येष्ठ सर्जनच्या नजरेखाली ऑपरेशनं करायची आणि मग मंडळासमोर तोंडी परीक्षा द्यायची. पास झाले तर मी तज्ज्ञ. नापास झाले तर ही वाट मला कायमची बंद, दुसरी संधी नाही. मग चौपन्नाव्या वर्षी रेसिडेन्सी पहिल्यापासून करायची, नाहीतर पोटाच्या कडा ताणून धरायची ती लोखंडी पट्टी, रिट्रॅक्टर, हातात घेऊन जन्मभर दुसऱ्याच्या टेबलाशी उभं राहायचं. बाबांचं हॉस्पिटल विकलं, माझे हे गेले, सगळं सोडून लेकीकडे आले, तरी या हातांनी ऑपरेशन करायचं नाही ही गोष्ट मला अजून गिळता येत नाही.

तुला हसू येत असेल. तू इथे रेसिडेन्सी पुन्हा करायला लागलास, तेव्हा मी फोनवर म्हटलं होतं, की माझ्या भावाला रिट्रॅक्टर धरायला एवढ्या लांब जावं लागलं, आपल्याकडे काय रिट्रॅक्टरांचा दुष्काळ पडला होता. ती थट्टा होती. त्यानंतर तुझे फोन कमी झाले आणि मग बंदच झाले. थट्टा एवढी मनाला लावून घ्यायची नसते. मला मात्र नेहमी वाटतं, की तू सही केलीस ती पत्रकाखाली नाही, माझ्या त्या वाक्याखाली.

पत्रकात तुम्ही लिहिलंय, की आम्ही ऐन उमेदीची वर्षं घातली आणि ही मंडळी मागच्या दाराने येणार. तुझं पहिलं अपेंडिक्स तू केलंस तेव्हा मी टेबलाच्या पलीकडे उभी होते आणि तुझं मनगट माझ्या बोटांत होतं. ते कोणतं दार होतं ते मला कळव.

ताई


११ फेब्रुवारी

छोट्या,

उत्तर नाही. मी धरलेलंच होतं.

माझ्यावर नजर ठेवणाऱ्या बाईंचं नाव मी घार ठेवलंय. साठीच्या, सडपातळ, आवाज कधी चढत नाही. टेबलाशी त्या माझ्या मागे उभ्या राहतात आणि खांद्यावरून बघतात. चूक तर काढत नाहीत, बरंही म्हणत नाहीत. ऑपरेशन संपलं की कोपऱ्यात जाऊन त्यांच्या टॅबवर काहीतरी टिचक्या मारतात. मी जवळ गेले की पडदा काळा करतात. जो माणूस रागावतो त्याच्याशी मी निभावून नेते, बाबांच्या हाताखाली मोठी झालेय. या बाईंचं मला काही उमगत नाही.

थिएटरमधल्या रेसिडेंट पोरी मला पाहुण्या बाई म्हणतात. तोंडावर गोड असतात. मी आत आले की बोलणं थांबतं आणि सगळ्यांना एकदम कामं आठवतात. माझी टोपी एकदा दुसऱ्याच खणात सापडली. लेक म्हणते, आई, टोप्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. असतील.

एक जण मात्र माझ्याशी आपणहून बोलतो, तो म्हणजे भूल देणारा डॉक्टर. पेशंटच्या उशाशी त्याच्या यंत्रांमध्ये बसलेला असतो. खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या. ऑपरेशन झालं की मला एक देतो, लेकीची चौकशी करतो, माझं ऐकून घेतो. विनाकारण गोड बोलणाऱ्या माणसाबद्दल बाबा काय म्हणायचे ते तुला आठवत असेल. मी गोळी घेते, पण त्याच्यासमोर खात नाही.

ऑपरेशनं बहुतेक दुर्बिणीची असतात. पोटाला भोकं पाडायची आणि पडद्याकडे बघत काम करायचं. ती मला येतात, अडचण नाही. पण अधूनमधून जुन्या पद्धतीने पोट उघडावं लागतं, आतडी एकमेकांना चिकटून बसलेली असतात आणि मग हात घालण्याशिवाय गत्यंतर नसतं. पहिलं तसं पोट मी गेल्या आठवड्यात केलं. हात आत गेला आणि इतक्या महिन्यांनी मला घरी आल्यासारखं वाटलं. त्या दिवशी एक विचित्र गोष्ट झाली. कायम पाठीमागे असणारी घार फिरून टेबलाच्या समोरच्या बाजूला आली आणि माझ्या हातांकडे न बघता तोंडाकडे बघत राहिली. बराच वेळ. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

संध्याकाळी तिने विचारलं, "तुम्ही कुणाकडे शिकलात?"

मी म्हटलं, "वडिलांकडे."

"आणखी कुणी शिकलं त्यांच्याकडे?"

"पुष्कळ जण," मी म्हटलं. तुझं नाव मी घेतलं नाही. नवऱ्याचं आडनाव लावते ते अशा वेळी कामाला येतं.

दुसरं एक कळलं, ते तुला माझ्याआधी ठाऊक असणार. तुम्ही पत्रकवाल्यांनी भांडून एक नियम मंजूर करून घेतलाय. माझ्यासारख्या प्रत्येक उमेदवारासाठी इथल्या कुठल्याही मान्यताप्राप्त तज्ज्ञाला एकेक प्रश्न पाठवता येतो, नाव न लिहिता, आणि परीक्षेत तो विचारलाच गेला पाहिजे. चेहरा लपवून दगड मारायची सोय. तुझा प्रश्न तयार असेलच. नसला तरी लेक तुला माझ्या दुखऱ्या जागा सांगेल.

ताई


६ एप्रिल

तक्रार झाली. आता तरी मान वर करून सांग, की तूच केलीस.

घारीने मला तिच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. खोलीत एक खुर्ची तिची आणि एक माझी, खिडकीत सुकलेलं झाड. म्हणाली, "डॉक्टर, एक गोष्ट कानावर आली आहे. ऑपरेशन करताना तुम्ही डोळे मिटता."

मी म्हटलं, "कुणी सांगितलं?"

"ते सांगता येणार नाही. मिटता का?"

"कधीकधी. पोटात हात असताना."

"किती वेळ?"

"कधी मोजला नाही."

तिने ते टॅबवर टिपून घेतलं. मग म्हणाली, की माझी झोप पुरी होते का, फिट येते का, हे तपासावं लागेल. छोट्या, मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं. मग एका खोलीत भरदुपारी डोक्याला वायरी चिकटवून झोपायला सांगितलं, किती लवकर झोप लागते ते पाहायला. बाहेर एक मुलगी काचेतून माझ्याकडे बघत होती. मला झोप कशी लागेल? मी तिथे पडल्या पडल्या तुझाच विचार करत होते.

कारण ही सवय या देशात दोघांनाच माहीत आहे, मला आणि तुला. बाबांच्या थिएटरला खिडकी नव्हती आणि दिवे कधी दगा देतील याचा नेम नव्हता. पोटात हात गेला की ते म्हणायचे, आता मीट डोळे, बोटांना बघू दे. म्हणजे दिवे गेले तरी हात दचकायचा नाही. मला ते इतकं अंगवळणी पडलं, की दिवे असोत नसोत, बोटांनी काही शोधायचं असलं की डोळे आपोआप मिटतात. तुलाही मीच ते लावलं.

ती दुपार आठवते का? अपघातातला माणूस टेबलावर, पोट उघडलेलं, आत रक्त साचतंय, बाबा बाहेरगावी. आणि दिवे गेले. जनरेटर ठसकला आणि बंद पडला. नर्सने तुझ्या एका हातात बॅटरी दिली आणि ती तुझ्या हातून फरशीवर पडून फुटली. मिट्ट काळोख. तुला बाबांच्या हाताखाली लागून महिनाही झाला नसेल. मी काळोखात चाचपून पोटातला तुझा दुसरा हात धरला, आतच ठेवला आणि म्हटलं, डोळे मीट, आणि गरम धार कुठे लागते ते सांग. तूच ती जागा सांगितलीस, तूच बोटाने दाबलीस, आणि मी टाके घातले. माणूस वाचला. बाबांना मी सांगितलं, की बॅटरीला माझं कोपर लागलं. आजवर मी दुसऱ्या कुणाला काही बोललेले नाही.

ती गोष्ट मी पोटात ठेवली आणि तू माझी गोष्ट पत्रकवाल्यांच्या हाती दिलीस. तुझा राग समजला असता, ही चहाडी समजत नाही. मला तुझं उत्तर नको. ये म्हटलं तरी येऊ नकोस.


२० मे

छोट्या,

मागच्या पत्रावर मी ताई असं लिहिलं नव्हतं. ते मुद्दाम होतं. आता लिहीन.

झालं असं, की परवा हात धुवायच्या जागी टाकीवरच्या आरशात मी स्वतःला पाहिलं. टोपी कपाळापर्यंत, मास्क नाकापर्यंत, खाली थिएटरचे सगळ्यांसारखे कपडे. माझं म्हणून जगाला दिसणारं काय, तर दोन डोळे. ते मिटले तर थिएटरमधल्या कुणालाही दिसणार. त्यासाठी माझ्या भावाने कुठून कळवायची गरज नाही. इतकी वर्षं मी ही आपली घरची गुप्त सवय समजत होते, आणि ती तोंडावर मिरवत होते. बाबांच्या थिएटरमध्ये सगळे आपलेच, म्हणून कुणी बोललं नव्हतं.

मग सगळ्यात जास्त कुणाला दिसणार, याचा विचार केला. पेशंटच्या उशाशी बसून सर्जनच्या तोंडाकडे बघत राहायचं काम एकाच माणसाचं असतं. मी थेट भूलवाल्याकडे गेले. तो त्याच्या सिरिंजांवर चिठ्ठ्या चिकटवत होता.

"माझ्या डोळ्यांचं तुम्ही सांगितलंत?"

"हो," तो म्हणाला. अगदी सहज. "मला वाटलं, तुम्हाला चक्कर येते. एकदा बघितलं, गप्प बसलो. पुन्हा बघितलं, मग सांगितलं. पेशंट झोपलेला असतो, त्याच्या वतीने जागं राहायचं माझं काम आहे."

"मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता." आणि त्याने पेपरमिंट पुढे केली.

मला राग यायला हवा होता. मी गोळी घेतली आणि तिथेच त्याच्यासमोर खाल्ली. त्याच्या जागी मी असते तर पहिल्याच वेळी सांगितलं असतं.

तेव्हा चहाडीचा आरोप मी परत घेते. सहीचा घेत नाही. ती तू केलीस ती केलीसच.

तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. पण घारीने ताकीद दिली, इथून पुढे डोळे उघडे. आणि तिथे माझं घोडं अडलंय. गेल्या गुरुवारी एक उघडं पोट होतं. आतडी चिकटलेली, मध्ये कुठेतरी मूत्रनळी, ती बोटाने ओळखून बाजूला ठेवायची. हजार वेळा केलेलं काम. मी डोळे ताणून उघडे ठेवले आणि माझी बोटं मुकी झाली. समोर लाल, पिवळं, चकाकतं सगळं दिसतंय, आणि हाताला काही कळत नाही. मी थांबले. पुन्हा हात घातला, पुन्हा थांबले. मागून घारीचा आवाज आला, "सरा." आणि माझ्या हातातून ऑपरेशन काढून घेतलं. तसं आजवर कुणी केलं नव्हतं, बाबांनीसुद्धा नाही. मी रिट्रॅक्टर धरून उभी राहिले आणि ती काम करत राहिली. रडू येत होतं, पण आता सगळे माझ्या डोळ्यांकडेच बघत असतात, म्हणून रडता आलं नाही.

परीक्षा जूनमध्ये आहे. मला भीती वाटते. हे मी तुझ्याशिवाय कुणाला लिहू शकत नाही, आणि तुलाच लिहिते आहे याचीही भीती वाटते. तुझा प्रश्न डोळ्यांबद्दल असेल तर मी संपले. लेकीने तुला सगळं सांगितलंय हे मला कळलंय. काल तिला विचारलं तर म्हणाली, "आई, मामा फक्त एवढंच विचारतो, ती अजून मिटते का." म्हणजे तुला ते पुरतं आठवतंय. ते तू का विचारत होतास, यावर मी घरातल्या घरात शंभर अर्थ लावले, आणि एकही चांगला निघाला नाही.

ताई


१७ जून

छोट्या,

परीक्षा झाली. निकाल पुढच्या महिन्यात. काय झालं ते जसंच्या तसं सांगते, कारण त्यातलं अर्धं तुला कळायला हवं आणि उरलेलं अर्धं तू मला सांगायला हवंस.

इस्पितळाच्या तळघरात एक सरावाची खोली आहे, तिथे बसवलं. खिडकी नाही. लांब टेबलामागे मंडळाचे लोक, मधोमध टक्कल पडलेले अध्यक्ष, मागे भिंतीशी खुर्ची टाकून घार. बाजूला रबराचं पोट मांडलेलं, आत नळ्या आणि लाल पाण्याचा पंप. त्यांचे स्वतःचे प्रश्न मी बरे सोडवले. मग अध्यक्षांनी तज्ज्ञांकडून आलेले निनावी प्रश्न काढले. पहिला कुठल्याशा नव्या यंत्राबद्दल, ते मी फक्त चित्रात पाहिलंय, तसं सांगून टाकलं. दुसरा असा होता, की तुमच्या देशातल्या ऑपरेशनांची खात्री आम्ही कशी बाळगावी. मी म्हटलं, "ते पेशंट अजून चालतायत फिरतायत, त्यांना विचारा." कुणी हसलं नाही.

मग अध्यक्षांनी शेवटचा प्रश्न वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा मनात वाचला. मग मोठ्याने. "पोट उघडं आहे, आत रक्तस्राव चालू आहे, दिवे गेले आहेत आणि तुमच्या सहाय्यकाच्या हातून बॅटरी पडून फुटली आहे. पहिलं काय कराल?"

त्यांच्यातले दोघे हसले. अध्यक्ष मला म्हणाले, "हा प्रश्न गैरलागू आहे. आपल्याकडे असं होत नाही. हवं तर सोडून द्या."

छोट्या, इथे दिवे जात नाहीत. इथल्या कुठल्याही सर्जनला असला प्रश्न स्वप्नातही सुचणार नाही. आणि ती बॅटरी. मनात आलं, हा सापळा आहे. उत्तर दिलं तर डोळे मिटण्याचं आपल्याच तोंडाने कबूल करावं लागणार, आणि नाही दिलं तर प्रश्न पाठवणारा हसणार, की ताई घाबरली.

मी म्हटलं, "उत्तर देते. पहिलं मी सहाय्यकाचा हात धरेन."

"हात?" अध्यक्ष म्हणाले. "रक्त थांबवायचं सोडून?"

"बॅटरी पडली म्हणजे तो घाबरलेला आहे. घाबरलेला माणूस हात झटकन बाहेर ओढतो, आणि त्या हाताबरोबर आत काय ओढलं जाईल सांगता येत नाही. म्हणून आधी त्याचा हात धरून आत ठेवायचा. मग दोघांनी डोळे मिटायचे."

एक जण म्हणाला, "काळोखात डोळे मिटले काय आणि उघडे ठेवले काय, फरक काय?"

"उघडे ठेवले तर माणूस दिवे यायची वाट बघत बसतो. मिटले की तो कामाला लागतो. रक्ताची धार गरम असते, ती बोटाला लागते. तिच्या उगमावर बोट ठेवायचं आणि दाबायचं. एवढंच."

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. घार उठली, तिने पंप सुरू केला, मला त्या रबराच्या पोटाशी नेलं, आणि भिंतीपाशी जाऊन दिवा बंद केला.

अध्यक्ष म्हणाले, "अहो, हे काय?" मी डोळे मिटले. पाणी थंड होतं, गरम नव्हतं, तरी धार ती धारच. नळ्यांमधून बोटं पुढे नेली, एक वळण गेलं, दुसरं गेलं, आणि ती सापडली. दाबली. मग चिमटा मागितला, तर सहाय्यकच नव्हता. मी तसंच बोट ठेवून उभी राहिले आणि म्हटलं, "झालं." दिवा लागला तेव्हा पंप घरघरत होता आणि पाणी थांबलेलं होतं. थोडं अध्यक्षांच्या कोटावर उडालं होतं. घारीने माझ्या बोटाकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, आणि जागेवर जाऊन बसली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तिने मला गाठलं. पहिल्यांदाच तिच्या हातात टॅब नव्हता.

"पूर्वी मी दुसऱ्या शहरात शिकवत होते," ती म्हणाली. "माझ्याकडे एक रेसिडेंट होता, तुमच्याच भाषेचा. तोही मिटायचा. मी त्याला का ते कधी विचारलं नाही. डोळे उघडा, एवढंच म्हणत राहिले. रोज. सगळ्यांसमोर. शेवटी सवय सुटली त्याची."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय, उत्तम सर्जन झाला. फक्त पोटात हात घातला की क्षणभर थांबायचा. ते शेवटपर्यंत गेलं नाही. तो का थांबतो ते मला कळायचं नाही. त्या दिवशी तुम्हाला डोळे मिटताना पाहिलं आणि तो आठवला. आणि गेल्या महिन्यात मी तुम्हाला उघडे ठेवायला लावले, तर तुम्हीही तशाच थांबलात." एवढं बोलून ती जिना चढून गेली.

तो तूच होतास. तू थांबतोस. पोटात हात घालून, इतक्या वर्षांनंतरही. ते थांबणं काय असतं ते मला गेल्या महिन्यातच कळलंय, मला ते एकच दिवस सोसावं लागलं. तू तसली वर्षं काढलीस, सगळ्यांसमोर, आणि मी तिकडून फोनवर रिट्रॅक्टरांचा दुष्काळ काढत होते.

आता सांग. तो प्रश्न तू मला तारायला पाठवलास की बुडवायला? तूच पाठवलास याबद्दल शंका नाही, बॅटरीचं या देशात तिसऱ्या कुणाला माहीत नाही. पण हेतू मला ठरवता येत नाही. एकदा वाटतं, उत्तर मला येतंच हे जाणून तू पाठवलास. एकदा वाटतं, मंडळासमोर माझे डोळे एकदाचे उघडे पाडायला पाठवलास. लेक म्हणते, आई, तू आता पुरे कर. मला पुरे करता येत नाही, माझा स्वभावच तो.

ताई


१२ जुलै

छोट्या,

पास झाले.

लेक रडली, मी चहा केला. भूलवाल्याने अख्खी पेपरमिंटची पुडी दिली. घारीने हात पुढे केला आणि म्हणाली, "डोळ्यांचं मी अहवालात काही लिहिलेलं नाही." तिच्याकडून एवढं म्हणजे हारतुरेच समजायचे.

एक अट आहे. पहिली काही उघडी ऑपरेशनं करताना माझ्या समोर एक मान्यताप्राप्त तज्ज्ञ उभा राहायला हवा. कोण ते मी सुचवायचं. घारीने विचारलं तेव्हा मी तुझं नाव दिलं. आणि हेही सांगितलं, की तो माझा भाऊ आहे. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." बाईंना सगळं आधीच वाटलेलं असतं. नाही म्हणायचं असेल तर म्हण, पण स्वतः येऊन म्हण. बाल्कनीतल्या फोनवर नको.

प्रश्नाचा हेतू आता पत्रात विचारत नाही. समोर उभा राहा, टोपी-मास्क लावून. तुझे डोळे दिसतील, त्यावरून मला कळेल. आणि नाही कळलं, तरी तुझा हात जवळ असेल.

माझी ऑपरेशनं उरकली, की तुझ्या इस्पितळात एखादं अवघड पोट उघडायचं असेल तेव्हा मला बोलाव. मी रिट्रॅक्टर धरीन. माझ्याइतकं घट्ट धरणारं तुला तिथे कुणी मिळणार नाही, मी नुकतीच शिकून आलेय. पोटात हात गेला की थांबू नकोस. डोळे मीट. दिवे चालू असले तरी मीट. तुझ्या भूलवाल्याला मी बोलण्यात गुंतवते.

ताई